तेपाएरूचं अस्तर

आमच्या बेटावर, मुरीच्या किनाऱ्यावर लग्नाला आलेल्या पाहुण्यांनी काय घालावं, हे गेली एकतीस वर्षं तेपाएरूच ठरवत आली होती. तसं तिला कुणी नेमलं नव्हतं. हॉटेलच्या फाटकापाशी, सुरूच्या झाडाखाली तिची पत्र्याची ट्रंक असायची, शेजारी एक डुगडुगणारं स्टूल आणि स्टुलावर स्वतः तेपाएरू. पाहुणे गाडीतून उतरले की ती आधी त्यांच्या पायांकडे बघायची, मग कपड्यांच्या घेराकडे, मग टोपीकडे. चेहऱ्यापर्यंत पोहोचायला तिला सहसा वेळ मिळत नसे.

"ह्या टाचा काढा," ती म्हणायची.

"अहो, पण ह्या माझ्या ड्रेसला मॅचिंग आहेत."

"वाळूला नाहीत. काढा."

आणि ट्रंकेतून रबरी चपलांचा जोड बाहेर यायचा. ट्रंकेत काय नव्हतं? तीन मापांच्या चपला, अंगाभोवती गुंडाळायचे पारेऊ, टोप्यांना लावायच्या नाड्या, खोबरेल, डासांचं मलम, सेफ्टी पिनांची आख्खी माळ, आणि नवऱ्याच्या डब्यातून उचललेली, मासे धरायच्या गळाला लावतात ती शिशं. ही शिशं म्हणजे तिचं खरं हत्यार. मुरीच्या बाजूला आग्नेयेचा वारा सुटला की तो पै-पाहुणा ओळखत नाही. म्हणून हलक्या कपड्याच्या घेरात, खालच्या दुमडीच्या आत, पुढे चार आणि मागे दोन शिशं, एकेक चिंधीत गुंडाळून टाकायची. चिंधी नसेल तर शिशाचा डाग पडतो.

ही विद्या तिला सुचली त्याला एक वरमाय कारणीभूत होती. तेपाएरू तेव्हा हॉटेलच्या फाटक्या चादरी शिवायला होती. वेलिंग्टनहून आलेल्या त्या भरभक्कम बाईंचा रेशमी झगा ऐन प्रार्थनेत वाऱ्याने छत्रीसारखा उलटा केला. पाद्रीबाबांनी डोळे घट्ट मिटले आणि प्रार्थना अशी काही लांबवली की तिला आमेन सापडेना. तेपाएरू धोबीखान्यातून सुई घेऊन धावली, वाटेत नवऱ्याच्या सायकलीवरचा गळांचा डबा उचलला, आणि पाद्रीबाबांनी डोळे उघडायच्या आत घेरात सहा शिशं बसवून मोकळी झाली. त्या दिवसापासून फाटकापाशी स्टूल आलं.

नवऱ्याला, म्हणजे तेईनाला, या कीर्तीचं फारसं कौतुक नव्हतं. "खाडीतले मासे कमी झालेत म्हणतात लोक," तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. "मासे आहेत तेवढेच आहेत. माझी शिशं कमी झालीत. ती सगळी ऑस्ट्रेलियातल्या बायकांच्या झग्यांत गेलीत."

मीरिया ही त्यांची नात. लेकीने ती सहा महिन्यांची असताना आईच्या मांडीवर ठेवली आणि कामाला ऑकलंड गाठलं. आमच्या बेटावर यात कुणाला काही वावगं वाटत नाही. निम्मी पोरं आजीकडेच वाढतात आणि उरलेली शेजारणीच्या आजीकडे. मीरिया चालायला लागली तशी ट्रंकेवर बसून टाचण्या धरायला लागली, आणि सातव्या वर्षी तिने एका नवरदेवाच्या आत्याला न विचारता "टाचा काढा" म्हणून सुनावलं, तेव्हा तेपाएरूला आपली गादी कुणाकडे जाणार याची काळजी उरली नाही. पण सतराव्या वर्षी पोर नर्सिंग शिकायला ऑकलंडला गेली. त्याला आता अकरा वर्षं झाली होती. अधूनमधून यायची, आठ दिवस राहायची, अळूची पानं नारळाच्या दुधात शिजवून पातेलंभर खायची आणि परत जायची.

मग एके दिवशी तिचा फोन आला. "आजी, लग्न करतेय. कॅलम नाव आहे, क्राइस्टचर्चचा. आणि लग्न मुरीलाच करायचं. दुसरीकडे कुठे करणार?"

तेपाएरू दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या बसने बाजाराच्या गावी, आवारुआला गेली आणि कुणालाही न विचारता लाल कापडाचे तागेच्या तागे घेऊन आली. गडद लाल, त्यावर ताटलीएवढी पांढरी जास्वंदं. हे कुटुंबाचं कापड. सगळं गणगोत मिळून शहाऐंशी माणसं होती, सगळ्यांना पुरेल एवढं. तागे पलंगाखाली ठेवले, आणि ती रोज झोपण्याआधी वाकून बघायची, आहेत ना.

आता हे कुटुंबाचं कापड म्हणजे काय, ते सांगून टाकतो. लग्न असो, मयत असो, नाहीतर पोराचे पहिले केस कापायचे असोत, ज्याच्या घरचं कार्य तो कापड ठरवतो. त्याचा दोन बोटांचा तुकडा सेफ्टी पिनेने कागदाला टोचून घरोघर जातो. तुकडा आला की प्रश्न विचारायचे नाहीत. म्हाताऱ्यापासून तान्ह्यापर्यंत सगळ्यांनी त्याच कापडाचं शिवायचं. जवळपासची छटा चालत नाही. तेपाएरूचा एक मावसभाऊ एकदा मयताला साधारण तसल्याच जांभळ्या शर्टात आला होता. पुढची दोन वर्षं लोक त्याला 'साधारण' म्हणूनच हाक मारत होते.

तर, लग्नाला तीन महिने उरले असताना पत्रिका आली. जाड, दाणेदार कागद. लग्नाची सगळी मांडामांड बघायला ऑकलंडची पिपा नावाची एक बाई नेमली होती, तिने ती छापून घेतली होती. तेपाएरूने चष्मा लावला आणि मोठ्याने वाचली: "किनाऱ्याची नैसर्गिक शांतता जपण्यासाठी पाहुण्यांनी वाळू, साय व ओट यांच्या छटांमध्ये यावे. ठळक नक्षी, भडक रंग आणि डोक्यावर फुले कृपया टाळावीत."

खाली कोपऱ्यात, बारीक रिबिनीने बांधलेला, लापशीच्या रंगाच्या कापडाचा दोन बोटांचा तुकडा.

"वाळू जपायला वाळूसारखं दिसायचं?" तेईना म्हणाला. "मग आपल्याला कशाला बोलावलंय? खेकड्यांना बोलवायचं."

तेपाएरू हसली नाही. ती तुकडा बोटांत धरून बसून राहिली. तुकडा आला होता. पलंगाखालचं लाल कापड पोरीला नको होतं. डोक्यावर फुलंही नको होती. ज्या पोरीच्या डोक्यावर तिने दर रविवारी अनंताची माळ ठेवली, त्याच पोरीने छापून पाठवलं होतं, कृपया टाळावीत.

दोन दिवसांनी फोन आला.

"आजी, पत्रिका मिळाली?"

"मिळाली."

"मग?"

"मग काय? चांगली आहे. कागद जाड आहे."

"तुझं काही म्हणणं नाही?"

"माझं काय म्हणणं असणार? तू म्हणशील तसं."

"बरं," मीरिया हळू आवाजात म्हणाली. "आजोबा बरे आहेत ना?"

फोन ठेवल्यावर तेपाएरूने पत्रिका कपाटावर उभी करून ठेवली आणि तुकडा तेईनाच्या पाकिटात घातला. "हे कापड शोधून आण. अगदी हेच. पोरीच्या सासरच्यांपुढे आपलं हसं व्हायला नको."

तेईना बसमध्ये बसला. रस्ता एकच, बेटाभोवती गोल. आधी घड्याळाच्या दिशेने गेला, काही मिळालं नाही. मग उलट दिशेने आला आणि आवारुआच्या एका दुकानात मागच्या खोलीत त्याला अगदी तेच कापड सापडलं.

"बोटीतून मोठी थप्पी आली होती," दुकानदार म्हणाला. "निम्मी मुरीच्या हॉटेलवाल्यांनी नेली. उरलेली तू ने."

हॉटेलवाल्यांना एवढं कापड कशाला लागतं, हा विचार तेईनाच्या मनात आला असता. पण त्याच वेळी बाहेर कुणीतरी ट्यूना लागल्याची बातमी सांगत होतं. घरीही त्याने ते सांगितलं नाही, कारण कुणी विचारलं नाही.

चर्चच्या हॉलमध्ये शिवणाची सात यंत्रं मांडली गेली. बाहेरची शिलाई नानेकडे. नाने ही तेईनाची बहीण. तिची टीप अशी सरळ की पट्टी लावून तपासावी, आणि ती तपासावी असं तिला सारखं वाटायचं. तेपाएरू आणि नाने गेली चाळीस वर्षं एकमेकींचे टाके बघून नाकं मुरडत आल्या होत्या.

पहिला शर्ट शिवून तेईनाच्या अंगावर चढवला तर तो जागच्या जागी खाजवायला लागला. "अगं, हे कापड आहे की गोणपाट? माझी पाठ सोलली!"

"लिनन आहे. महागाचं असतं," तेपाएरू म्हणाली.

"महागाची खाज आहे मग."

कापड खरंच जाड आणि खरखरीत होतं. माणसाच्या अंगाला लागायला ते विणलेलंच नव्हतं, पण हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही. अस्तर लावायला हवं, एवढंच सगळ्या म्हणाल्या. शहाऐंशी कपड्यांना अस्तर कुठून आणायचं? तेपाएरू उठली, घरी गेली, आणि पलंगाखालचे लाल तागे हातगाडीवर घालून घेऊन आली.

नानेने एक तागा उलगडून बघितला. "वहिनी, हे तर कुटुंबाचं कापड वाटतंय."

"होतं. आता अस्तर आहे."

"बाहेरून लापशी, आतून जास्वंद! मग एवढं फोनवर बोललीस तेव्हा तोंडात काय धरलं होतंस? टाचणी?"

तेपाएरूने कात्री खाली ठेवली. "नाने, पोर लाजते गं आपल्याला. तिकडच्या लोकांपुढे आपण नको आहोत तिला असे. तिला जसे हवेत तसे जाऊ. एक दिवसाचा तर प्रश्न आहे."

नानेने यंत्राचं चाक फिरवलं आणि टीप घालायला लागली.

अस्तरं लावायचं काम तेपाएरूने एकटीने अंगावर घेतलं. लग्न शनिवारचं, आणि गुरुवारी संध्याकाळीही वीस कपडे उरले होते. मग तिने जे टाके घातले ते टाके म्हणवत नव्हते. लाल कापडावर पांढरा दोरा, बोटबोट लांब. नाने मागून डोकावली. "वहिनी, हा टाका आहे की खेकडा चाललाय?"

"आत जाणारंय. आतलं कोण बघतंय?"

शनिवारी वारा सकाळपासूनच होता. तेपाएरूने फाटकापाशी स्टूल मांडलं नाही. ट्रंक तिने धोबीखान्यात सरकवून ठेवली. नवरीची आजी झाडाखाली लोकांना चपला वाटतेय, हे पोरीच्या सासूने बघावं कशाला? तिने लापशीच्या रंगाचा फ्रॉक घातला, डोकं मोकळं ठेवलं, आणि सगळ्यांच्या आधी येऊन तिसऱ्या रांगेत कडेची खुर्ची धरली. बसताना तिच्या हाताला खुर्चीचं कापड लागलं. ओळखीचं वाटलं. तिने अजून एकदा चाचपलं. मग शेजारच्या खुर्चीकडे बघितलं, मग रांगेकडे, मग स्वतःच्या मांडीकडे. सव्वाशे खुर्च्यांना खालपर्यंत खोळी घातल्या होत्या. तेच कापड, त्याच थप्पीतलं.

"तेईना," ती दबक्या आवाजात म्हणाली, "निम्मी थप्पी कुणी नेली होती?"

तेईनाने आठवलं, आणि आठवल्याबरोबर समुद्राकडे बघायला लागला.

आता करणार काय? गणगोत येत गेलं, बसत गेलं आणि दिसेनासं होत गेलं. चुलते, माम्या, भाचे, तान्ही बाळं, सगळी माणसं खुर्च्यांत मुरली. क्राइस्टचर्चचे चाळीस पाहुणे फाटकातून आत आले, आणि फाटकावर कुणीच नसल्यामुळे त्यांचे हाल सुरू झाले. पहिल्या चार बायकांच्या टाचा वाळूत रुतल्या. एकीची टोपी उडाली, खाडी ओलांडून समोरच्या मोतूवर, त्या चिमुकल्या बेटावर गेली. दोघींनी आपापले घेर दोन्ही हातांनी धरले, त्यामुळे त्यांना हस्तांदोलन करता येईना. तेपाएरूचे हात मांडीवर वळवळत होते. ती त्यांच्यावर बसली.

वरमाय मार्गोबाई हाशहुश करत आल्या, डाव्या बाजूची रिकामी खुर्ची बघून तिच्यावर आपली पर्स ठेवली आणि बूट काढायला वाकल्या. ती खुर्ची नव्हती, तेईनाची मांडी होती. तेईनाने पर्स दोन्ही हातांनी नीट धरून ठेवली, कारण बाई वरमाय होत्या.

पिपा कानाला यंत्र लावून फाटकापाशी उभी होती. "मुलीकडचे कुणीच आले नाहीत!" ती त्यात ओरडत होती. "सगळ्या खुर्च्या रिकाम्या! नाही, एकही नाही!"

तेवढ्यात एक रिकामी खुर्ची शिंकली. पिपाच्या हातातला कागद वाऱ्यावर गेला.

अशा वेळी मामाची फुलांनी सजवलेली गाडी आली आणि आदल्या रात्रीच्या विमानाने येऊन त्याच्याकडेच झोपलेली मीरिया उतरली. साधा पांढरा झगा, लांब, पातळ कापडाचा. तिने आधी सुरूच्या झाडाखाली बघितलं. तिथे स्टूल नव्हतं. मग समोर बघितलं. डावीकडे लापशी, उजवीकडे लापशी.

"आजी कुठाय?" ती म्हणाली.

पिपा म्हणाली, "मीरिया, आपण जरा थांबू या. तुझ्या घरचे बहुतेक—"

"माझी आजी कुठाय?"

तो आवाज ऐकून तेपाएरू उठली. तिला उठायचं नव्हतं, पण त्या आवाजाला ती अठ्ठावीस वर्षं उठत आली होती. मीरिया झगा सावरत, वाळू तुडवत तिसऱ्या रांगेपर्यंत आली आणि तिच्या पुढ्यात उभी राहिली. तिचे डोळे भरले होते.

"तू फाटकावर का नाहीस?"

"तुझ्या सासूपुढे बरं दिसलं नसतं."

"आणि हे काय घातलंयस? खुर्चीची खोळ?"

"तूच पाठवलंस," तेपाएरू म्हणाली. "तुकडा पाठवलास. नक्षी नको, फुलं नको, छापून पाठवलंस. आम्ही तुला जसे हवे होतो तसे आलो."

"आजी, ती पत्रिका कॅलमच्या लोकांसाठी होती! काय घालू, काय घालू म्हणून ते पिपाला रोज विचारायचे. तुकडा नुसता रंग बघायला. तीच पत्रिका सगळ्यांना गेली, आणि मी म्हटलं जाऊ दे, आमच्याकडे कोण वाचतंय! आख्ख्या जन्मात छापलेल्या कागदाचं तू कधी ऐकलंस? हॉटेलच्या पाटीवर 'ट्रंक ठेवू नये' असं लिहिलंय, त्या पाटीला तू ट्रंक टेकवून ठेवतेस! आजच कशी ऐकायला लागलीस?"

"मग फोनवर बोलली का नाहीस?"

"मी वाट बघत होते, तू ओरडशील म्हणून! तू म्हणालीस, कागद जाड आहे. मला वाटलं, आजीला आता माझं काही वाटेनासंच झालं."

आजूबाजूच्या खुर्च्या कान देऊन ऐकत होत्या. तेपाएरूने पोरीचे डोळे पुसायला एक पाऊल पुढे टाकलं, तर तिच्या फ्रॉकचा घेर खुर्चीच्या पायाला अडकला आणि हातभर उलटा झाला. आतून लालभडक कापडावरचं पांढरं जास्वंद बाहेर आलं.

मीरिया खाली वाकली. "हे काय?"

"अस्तर."

"तुझ्या एकटीला?"

"सगळ्यांना," तेईना मधेच म्हणाला. "त्याच्यामुळे तर आम्ही जिवंत आहोत."

मीरियाने घेर हातात धरला, जास्वंदावरून अंगठा फिरवला. मग तिने नाक पुसलं आणि सात वर्षांची असताना बोलायची तसं बोलली. "उलटे करा."

"काय?"

"कपडे. सगळ्यांनी उलटे करून घाला. मी थांबते."

गुरुवारचे टाके तेपाएरूच्या डोळ्यांपुढून गेले. पांढरा दोरा, बोटबोट लांब, आणि दुसऱ्या रांगेत नाने. शिवाय चर्चच्या यच्चयावत बायका, आणि एकतीस वर्षांची अब्रू.

"पोरी, टाके दिसतील गं," ती कुजबुजली. "फार वाईट आहेत. आतलं म्हणून कसेही घातलेत. लोक काय म्हणतील?"

"मला चालतात."

तेपाएरूने एकवार नानेकडे बघितलं, एकवार पोरीकडे. मग ती खुर्चीवर चढली आणि मासळी उतरवताना देतात तसा आवाज दिला. "उठा रे सगळे! पुरुष कुंपणामागे, बायका धोबीखान्यात! कपडे उलटे करा! आणि येताना फुलं घेऊन या, मोकळ्या डोक्याची दिसली नाही पाहिजे एकही बाई!"

शहाऐंशी खुर्च्या एकदम उभ्या राहिल्या. मार्गोबाईंनी किंकाळी फोडली, कारण त्यांची पर्स चालायला लागली होती.

जास्वंदीचं कुंपण कमरेएवढंच उंच होतं आणि पाद्रीबाबांची जागा नेमकी त्याच्यासमोर. पाद्रीबाबांनी जुन्या सवयीने डोळे मिटले आणि प्रार्थनेला सुरुवात केली. तेही गणगोतातलेच, त्यांचा स्वतःचाही शर्ट उलटा व्हायचा होता, ते मागून झालं. पंधरा-वीस मिनिटांत हॉटेलच्या आवारातला चाफा, अनंत आणि बोगनवेल निम्म्यावर आली आणि बायकांच्या डोक्यांवर गेली. एकेक माणूस लाल होऊन परत यायला लागला. पुरुषांचे खिसे बाहेर लोंबत होते. बटणं आतल्या बाजूला गेली होती, ती लावायला एकमेकांच्या गळ्यात हात घालावे लागत होते. आणि त्यातल्या वीस जणांच्या बाहीवर, काखेत, घेरावर पांढऱ्या दोऱ्याचा तो भलामोठा टाका दिवसाढवळ्या लखलखत होता.

नाने लाल फ्रॉकात आली. तेपाएरूच्या समोर थांबली. स्वतःच्या बाहीकडे तिने बराच वेळ बघितलं, इतका वेळ की तेपाएरूने मान खाली घातली.

"खेकडाच आहे," नाने म्हणाली. "पण चालला आहे बरोबर घराकडे." आणि तिने चाफ्याची माळ वहिनीच्या डोक्यावर ठेवली.

मार्गोबाई अनवाणी उभ्या होत्या, हातात बूट. "माझ्या ड्रेसला उलटं करण्यासारखं काही नाहीये हो," त्या अगदी बिचाऱ्या आवाजात म्हणाल्या. तेपाएरूने धोबीखान्यातून ट्रंक ओढत आणली, त्यांच्या पायांत रबरी चपला घातल्या, खांद्यावरून एक लाल पारेऊ बांधला आणि त्यांना पुढच्या रांगेत नेऊन बसवलं. मग क्राइस्टचर्चच्या बाकी बायकांनीही ट्रंकेपाशी रांग लावली.

सगळे बसले. डावी बाजू जास्वंदीच्या कुंपणासारखी पेटली होती. वारा आता चांगलाच वाढला होता. आंब्याच्या झाडाखाली लावलेला पिपाचा कापडी मांडव फडफडत होता, शहाऐंशी घेर फडफडत होते, पारेऊ उडत होते. मीरियाच्या एका हाताला तेईना उभा राहिला, दुसऱ्या हाताला तेपाएरू. निघण्याआधी तेपाएरूने सवयीने नवरीकडे वरून खाली बघितलं, आणि थांबली.

एवढ्या वाऱ्यात पोरीचा झगा हलत नव्हता. ऑकलंडला शिवलेला, चिरमुऱ्यासारखा हलका झगा पायांपाशी शहाण्यासारखा पडून होता.

तेपाएरू वाळूत गुडघे टेकून बसली. तिने घेराची दुमड चिमटीत धरली आणि बोटं सरकवत नेली. टणक, गोल, चिंधीत गुंडाळलेलं. एक हात सोडून दुसरं. पुढे चार, मागे दोन. दुमड ज्या टाक्यांनी शिवली होती ते वेडेवाकडे होते, आणि प्रत्येक टाक्यानंतर दोरा दोनदा फिरवून गाठ मारलेली होती. अशी गाठ बेटावर फक्त ती स्वतः मारायची.

"हे कुणी घातलं?" तिने मान वर न करता विचारलं.

"मी. शिवणारीण म्हणाली, शिसं कसलं घालताय. मी म्हटलं, तुला मुरीचा वारा माहीत नाही." मीरिया तिच्याकडे वाकली. "चिंधी तुझ्या जुन्या निळ्या फ्रॉकची आहे. शिशं आजोबांच्या डब्यातली. ऑकलंडला जाताना दोन्ही बरोबर नेलं होतं."

"कोणती शिशं?" तेईना म्हणाला. "ती मोठी सहा? अकरा वर्षं मी तुझ्या आजीला चोर म्हणतोय!"

तेपाएरूला समोरचं नीट दिसत नव्हतं. तिने त्याच बोटांनी डोळे पुसले, पुन्हा घेर धरला आणि दुमडीतून लोंबणारा एक दोरा दातांनी तोडला.

"पुढची चार बरोबर आहेत," ती म्हणाली. "मागे एक अजून हवं होतं. चल."